कॉम्प्युटरच पाहिजे? आधी पर्यायांचा क्रम नीट लावा

सीईटीचा निकाल लागला की तालुक्याच्या नेट कॅफेत एकच वाक्य ऐकू येतं : कसंही करून कॉम्प्युटर पाहिजे. पण ही घाई महागात पडू शकते.

एआयसीटीईने 2024-25 पासून चांगल्या महाविद्यालयांच्या प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटर, आयटी, एआयच्या जागा वाढल्या. दुसरीकडे टीसीएसने 2025 मध्ये सुमारे 12 हजार कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. म्हणजे पदवी मिळाली की नोकरी ठरलेली, हे दिवस गेले.

शाखेच्या नावालाही भुलण्यात अर्थ नाही. तिन्हींचा पाया जवळपास एकच : प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, गणित. फरक पडतो तो शिकवणारे, लॅब आणि इंटर्नशिपमुळे.

खरी गोची पर्याय अर्जात आहे. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती पक्की धरली जाते; पुढच्या फेरीत बदल नाही. कॅफेवाल्याने घाईत भरलेला क्रम मग पोराला चार वर्षं निस्तरावा लागतो.

म्हणून यादी घरीच कागदावर करावी, त्याच महाविद्यालयात शिकणाऱ्या गावच्या पोरांना प्लेसमेंटचं खरं-खोटं विचारावं, होस्टेलचा खर्च मांडावा. अर्ज त्यानंतर.