आधी शून्य बघा!

बालमित्रांनो, आज एका सोप्या वाटणाऱ्या प्रश्नाने सुरुवात करू या. जगातला पहिला पेट्रोल पंप कशात होता? गॅरेजमध्ये? कारखान्यात? छे! तो होता चक्क औषधाच्या दुकानात!

गोष्ट १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यातली. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी तीन चाकांची मोटारगाडी बनवली होती. पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा त्यांच्या पत्नी बेर्टा यांनी एके सकाळी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. बरोबर त्यांची दोन मुलं होती, ऑयगेन आणि रिचर्ड. एक पंधरा वर्षांचा, दुसरा तेरा वर्षांचा. म्हणजे तुमच्याच वयाचे! मानहाइम ते फोर्त्सहाइम असा शंभर किलोमीटरहून लांबचा प्रवास. वाटेत इंधन संपत आलं. पंप तर कुठेच नव्हते. मग वीसलोख नावाच्या गावात त्या औषधाच्या दुकानात गेल्या आणि कपड्यांवरचे डाग काढायला वापरतात ते 'लिग्रोइन' नावाचं द्रव विकत घेऊन गाडीत ओतलं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखलं जातं.

त्या प्रवासात मुलं नुसती बसून नव्हती बरं का! चढ आला की उतरून गाडी ढकलत होती. आजचा आपला विषय तोच आहे. घरात आई, बाबा, ताई किंवा दादा नव्यानेच गाडी चालवायला शिकले असतील आणि पहिल्यांदाच पेट्रोल भरायला निघाले असतील, तर शेजारी बसलेल्या तुम्ही काय मदत करायची?

तुम्ही म्हणाल, "त्यात काय एवढं? पंपावरचे काका भरून देतात की!" खरं आहे. आपल्याकडे नोझल हातात घ्यावं लागत नाही. पण नव्या माणसाची गडबड होते ती नेमकी इथेच. मागे रिक्षा हॉर्न वाजवते, पुढचा स्कूटरवाला हलत नाही, पंपावरचे काका विचारतात, "कितीचं?" आणि टाकीचं झाकण उघडायला जावं तर बॉनेटच उघडतं!

घरून निघताना

पहिलं काम, काटा बघा. काटा अगदी तळाला जाईपर्यंत थांबू नये. पाव टाकी उरली की भरून घ्यावी. नवी मुंबईत पंप पुष्कळ आहेत, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पावसाळ्यात सायन-पनवेल महामार्गावर गाड्या तासन् तास अडकल्या, तर? किंवा अटल सेतूवर चढलो तर? १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला हा पूल सुमारे २२ किलोमीटर लांब आहे आणि त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत. मध्ये पंप नाही, मागे वळायची सोय नाही. भरधाव गाड्यांच्या मधोमध आपली गाडी बंद पडणं ही गंमत नाही, जिवावरचा प्रसंग आहे. शिवाय आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंधन ओढणारा छोटा पंप टाकीतच असतो आणि भोवतालच्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. टाकी सतत रिकामी ठेवली, तर तो तापून लवकर खराब होतो.

दुसरं काम, झाकण कोणत्या बाजूला आहे ते ओळखा. खाली उतरून पाहायला नको. काट्याजवळ पंपाचं छोटंसं चित्र असतं. बहुतेक गाड्यांत त्याच्या शेजारी एक चिमुकला बाण असतो. बाण ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला! ही युक्ती फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांना १९८६ मध्ये सुचली. भर पावसात त्यांनी गाडी चुकीच्या बाजूने पंपाला लावली आणि ते भिजले. परत आल्यावर त्यांनी कंपनीला एक टिपण लिहून पाठवलं. आज जगभरातल्या गाड्यांत तो बाण असतो.

पंपावर पोचल्यावर

आता क्रमाने चला. गाडी यंत्राच्या बाजूला सरळ उभी करायची. हँडब्रेक ओढायचा. इंजिन बंद करायचं. मग झाकणाचा खटका ओढायचा. बहुतेक गाड्यांत तो चालवणाऱ्याच्या सीटजवळ खाली असतो आणि त्यावर पंपाचं चित्र असतं. बॉनेटच्या खटक्यावर वेगळं चित्र असतं. दोन्ही चित्रं घरीच, गाडी उभी असताना ओळखून ठेवा.

इंजिन का बंद करायचं? पेट्रोलची वाफ गोठणबिंदूच्या खाली, अगदी शून्याखाली तीस-चाळीस अंशांनासुद्धा पेट घेऊ शकेल इतकी निघते. मग आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय होत असेल! ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण एक ठिणगी तिला पुरते. म्हणून पंपावर सिगारेट, काडेपेटी चालत नाही. फोनवर बोलत नोझलजवळ उभं राहू नये. आणि बाटलीत पेट्रोल मागू नये. पंपाला परवाना देणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्था, तिला 'पेसो' म्हणतात, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे बरं का!

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. कित्येक मुलांना पेट्रोलचा वास आवडतो. काच खाली करून मुद्दाम वास घेणारी मुलं माझ्या वर्गातही आहेत! पण पेट्रोलमध्ये थोडंसं बेंझिन असतं आणि बेंझिनने कर्करोग होऊ शकतो. तेव्हा काच वर आणि नाक आत!

तीन गोष्टी मोठ्याने बोला

आता सगळ्यांत महत्त्वाचं. काकांना तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या: कोणतं इंधन, किती रुपयांचं आणि "शून्य दाखवा".

"काका, पेट्रोल. पाचशेचं. आधी शून्य दाखवा हं."

पहिली गोष्ट, इंधनाचं नाव. एकाच नावाची, एकाच रंगाची गाडी पेट्रोलवरही मिळते आणि डिझेलवरही. बाहेरून काकांना कसं कळणार? नोझलच्या रंगावर विसंबू नका. त्यावरची अक्षरं वाचा. चुकून डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडलं, तर मोठं नुकसान होतं. डिझेल थोडं तेलकट असतं आणि त्याच्या तेलकटपणावरच डिझेल गाडीचा इंधनपंप सुरळीत फिरतो. पेट्रोल तो तेलकटपणा धुऊन टाकतं आणि आतले भाग एकमेकांवर घासतात. उलट पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडलं तर ते ठिणगीने नीट पेटत नाही. गाडी धूर सोडते, आचके देते, बंद पडते.

असं झालंच तर? घाबरायचं नाही, पण किल्लीही फिरवायची नाही! गाडी सुरू केली नाही, तर चुकीचं इंधन टाकीतच राहतं. गाडी ढकलून बाजूला घ्यायची, मेकॅनिकला बोलवायचं आणि टाकी रिकामी करून घ्यायची. "जाऊ दे, घरापर्यंत जाईल" असं कोणी म्हणालं, तर तुम्ही अडवा.

दुसरी गोष्ट, रक्कम. ती आधीच ठरवून सांगावी. आणि तिसरी, शून्य. पंपावरचे लोक स्वतःच म्हणतात, "मॅडम, झिरो बघा." म्हणतात ना? मग बघायचं! मागच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच असेल आणि आपलं पेट्रोल तिथून पुढे मोजलं गेलं, तर तेवढे पैसे आपले गेले. म्हणून शून्य आलं का, दर किती आहे आणि शेवटी रुपये किती झाले, हे तीन आकडे पाहणं हे तुमचं काम. चालवणाऱ्याचं लक्ष खटक्याकडे, पाकिटाकडे असतं. तुम्ही मोकळे असता.

शून्य बघणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं नव्हे. बाजारात आपण तराजूचा काटा बघतोच ना? तसंच हे. प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. आणि शंका आली तर? भांडायचं नाही. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं. वैधमापन शास्त्र विभागाने ते तपासलेलं असतं. कोणीही गिऱ्हाईक म्हणू शकतं, "मला मापून दाखवा." पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमाला चालतो. २५ मिलिलिटर म्हणजे औषधाचे पाच छोटे चमचे. त्याहून जास्त कमी भरलं, तर तक्रारवही मागायची.

भेसळीची शंका आली तर? पंपावर गाळणकागद मागता येतो. त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं आणि गडद डाग राहत नाही. डाग राहिला तर काहीतरी गडबड आहे. पाहा, विज्ञानाचा प्रयोग पंपावरच झाला!

टक्!

टाकी भरली की नोझल आपोआप 'टक्' करून बंद होतं. त्याला कसं कळतं? त्याच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. त्यातून हवा आत ओढली जात असते. पेट्रोल वर येऊन ते भोक बुडालं की हवा येईनाशी होते, आतला दाब बदलतो आणि खटका पडतो. वीज नाही, काही नाही! 'टक्' झाल्यावर "अजून थोडं कोंबा" म्हणू नये. उन्हात पेट्रोल प्रसरण पावतं. त्याला जागा लागते.

आपल्या पेट्रोलमध्ये २०२५ पासून सुमारे पाचवा भाग इथेनॉल असतं. उसाच्या मळीपासून, मक्यापासून ते बनवतात. म्हणजे आपल्या कोल्हापूर-सांगलीचा ऊसही गाडी पळवतो! पण इथेनॉल पाणी चटकन शोषून घेतं. म्हणून टाकीचं झाकण घट्ट बसलं का, हे पावसाळ्यात जरूर पाहावं.

आणि गाडी सीएनजीची असेल तर? तेव्हा सगळ्यांनी गाडीतून खाली उतरायचं. झोपलेल्या धाकट्या भावालाही उठवायचं! हा वायू वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने टाकीत भरतात. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. तिची तारीख उलटून तर गेली नाही ना, हेही पाहायचं.

निघताना

नोझल बाहेर काढलं का? झाकण बसलं का? पैसे देऊन पावती घेतली का? तिन्ही 'हो' असतील, तरच गाडी सुरू. हवा भरायची असेल तर पुढे जाऊन भरा, म्हणजे मागच्यांचा खोळंबा होत नाही. पंपावर हवा आणि पिण्याचं पाणी फुकट मिळतं.

आणि हो, काकांना किंवा मावशींना "धन्यवाद" म्हणायला विसरू नका. ज्या वासाने आपण नाक झाकतो, त्या वासात ते दिवसभर उभे असतात. आपलं पेट्रोल त्यांच्यापर्यंत येतं तेही केवढ्या लांबून! मुंबईच्या समुद्रात दीडशे किलोमीटरहून आत 'बॉम्बे हाय' इथे १९७४ मध्ये तेल सापडलं. तिथून समुद्राच्या तळावरच्या नळातून ते आपल्या शेजारच्या उरणला येतं. परदेशातून जहाजांनी येणारं तेल तर त्याहून कितीतरी जास्त. खाडीपलीकडे माहुलच्या कारखान्यांत तेल शुद्ध करून त्याचं पेट्रोल बनवतात. इतका प्रवास करून आलेलं पेट्रोल सांडू नये, वाया घालवू नये.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना शेजारी बसवून हे सगळं जरूर दाखवा. पण "जा रे, पंपावर जाऊन पेट्रोल टाकून आण" म्हणून किल्ली हातात देऊ नका. मोटारीसाठी वय १८ पूर्ण हवं. २०१९ च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला, तरी मूल आपलंच आहे.

डोकं चालवा

पेट्रोलचा दर लिटरला १०४ रुपये आहे असं समजा. आईने १३०० रुपयांचं पेट्रोल भरलं. गाडी एका लिटरमध्ये १६ किलोमीटर जाते. टाकीत आधी काहीच नव्हतं असं धरलं, तर वाशीहून पुण्याला जाऊन परत येता येईल का? एका बाजूचं अंतर १२० किलोमीटर धरा.

उत्तर पुढच्या अंकात. तोवर घरच्या गाडीतला तो चिमुकला बाण शोधून ठेवा!