समुद्रकाठचा माघ

पृथ्वीचा गोल पुढ्यात घेऊन सोलापुरावर बोट टेकावे आणि बोट न हलविता गोल पूर्वेकडे फिरवावा. सोलापूर उत्तर अक्षांशाच्या सुमारे १७ अंश ४० कलांवर आहे. सह्याद्री ओलांडताच कोकणकिनारा लागतो. तेथे गुहागर अवघ्या अकरा कला दक्षिणेस, म्हणजे शाळेतल्या गोलावर बोटाखालीच झाकले जाते. पुढे अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिकेचे वाळवंट, अटलांटिक महासागर असा प्रवास करून बोट मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचते, ते बहुतेक सिवातानेहो या गावी. सूर्याला विचारले तर सोलापूर, गुहागर आणि सिवातानेहो ही एका पंक्तीस बसणारी भावंडे होत.

भूगोलाचा हा तास आज आम्ही का घेत आहो, ते सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी कॅनडात असतो. त्याच्या शेजारचे एक निवृत्त जोडपे दर वर्षी कार्तिकाच्या सुमारास घराला कुलूप लावून एका मोठ्या मोटारीतून दक्षिणेस निघते, मेक्सिकोच्या समुद्रकाठी चार महिने राहते आणि बर्फ वितळू लागले की परत येते. तेथे त्यांच्यासारखीच चार-पाच कुटुंबे ठरल्याप्रमाणे येतात, मोटारी शेजारीशेजारी उभ्या करतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात. हे सारे कौतुकाने लिहून विद्यार्थ्याने शेवटी विचारले, “गुरुजी, आपल्याकडची निवृत्त मंडळी हिवाळ्यात कोठे जातात?” प्रश्न सरळ होता, परंतु उत्तर लिहावयास आम्हांस आठ दिवस लागले.

प्रथम त्या वाहनाविषयी. आपण त्यास गृहरथ म्हणू. आत पलंग, ओटा, शेगडी, शीतकपाट, मोरी आणि शौचकूप इतके सारे बसविलेले असते. छतावर सूर्याच्या उष्णतेने नव्हे, तर प्रकाशाने वीज करणाऱ्या तबकड्या. तळाशी तीन टाक्या: एक ताज्या पाण्याची, दुसरी मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचकूपाची. ही तिसरी टाकी नेमलेल्या जागी जाऊन स्वहस्ते रिकामी करावी लागते. प्रवासवर्णने लिहिणारे तिच्याविषयी मौन पाळतात, पण ज्याने संसार केला आहे तो हाच प्रश्न आधी विचारील. अमेरिकेत अशा घरांचे तांडे नेण्याची हौस वॉली बायम नावाच्या कारखानदाराने वाढविली. १९५१ साली त्याने असा एक तांडा मेक्सिकोमार्गे मध्य अमेरिकेत नेला आणि १९५९-६० साली दुसरा थेट केपटाउनहून कैरोपर्यंत. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली अशा वाहनांच्या पर्यटनासाठी धोरण जाहीर केले आहे, म्हणजे ही कल्पना आता केवळ परदेशची राहिलेली नाही.

थंडीला कंटाळून दक्षिणेस जाणाऱ्या त्या वृद्धांना तिकडे थट्टेने हिमपक्षी म्हणतात. त्यांच्या जाण्यायेण्याला सरकारी हिशेबही आहे. ऑन्टारिओ प्रांताबाहेर वर्षाकाठी २१२ दिवसांपेक्षा अधिक राहिल्यास सरकारी वैद्यकीय मदतीचा हक्क धोक्यात येतो. तेव्हा समुद्राकडे पाहत बसलेला तो गृहस्थ मनात दिवस मोजीत असतो, हेही ध्यानात घ्यावे. आमच्या जिल्ह्यास असे पाहुणे अपरिचित नाहीत. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंसही येतात. त्यांना कोणी विचारीत नाही की बाबांनो, तुमचे घरी पटत नाही काय?

माणसांना मात्र विचारतात. खरी अडचण येथेच आहे. आमच्या समाजात वृद्ध मनुष्याने महिनाभर घर सोडण्यास तीन कारणे मान्य आहेत: तीर्थयात्रा, लेकीसुनेचे बाळंतपण आणि औषधोपचार. या तिहींपैकी एकही नसताना कोणी जोडपे चाळीस दिवस परगावी राहिले, की गल्लीत कुजबूज सुरू होते. सुनेने काही बोलले असेल, मुलगा नीट पाहत नसेल, वाटणीचे काही निघाले असेल. या कुजबुजीचा मार जाणाऱ्यांना बसत नाही, तो घरी राहिलेल्या सुनेला बसतो. म्हणून कित्येक सासवा इच्छा असूनही निघत नाहीत.

कोणी म्हणेल, आपल्या शास्त्रात वानप्रस्थ सांगितलाच आहे. सांगितला आहे खरा. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मांडीवर नातू दिसला की गृहस्थाने अरण्याचा आश्रय करावा, असे म्हटले आहे. पत्नीस मुलांकडे सोपवावे किंवा बरोबर न्यावे, अशी मुभाही दिली आहे. परंतु तेथे गावातले अन्न वर्ज्य केल्यामुळे चुलीचा प्रश्न स्मृतिकारांपुढे आलाच नाही, आणि आमच्या मते निवृत्तांच्या कोणत्याही मुक्कामात तोच पहिला प्रश्न आहे. शिवाय वानप्रस्थ हा परत येण्यासाठी नसतो. आम्हांस तर नातवाच्या परीक्षेपूर्वी घरी पोचावयाचे असते.

जाऊन येऊन राहण्याची रीतच पाहावयाची, तर ती ब्राह्मणवाड्यात न शोधता माळरानावर शोधावी. फलटण-माण भागातील मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर संसार घोड्यांच्या पाठीवर लादून घाट उतरतात, कोकणात शेतोशेती मेंढरे बसवितात, त्या खताबद्दल धान्य घेतात आणि पावसाळ्यापूर्वी वर येतात. त्यांचा तो हिंडता वाडा हाच आमचा मूळचा गृहरथ होय. मात्र ते पोटासाठी जातात, आम्ही हवेसाठी जातो. या भेदाची लाज नसली तरी जाणीव असावी.

आता आमचा परिपाठ. गेली काही वर्षे आम्ही चार स्नेही सहकुटुंब माघ महिना गुहागरास काढतो. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक वकील, एक गिरणीतले हिशेबनीस आणि अस्मादिक. हिवाळ्यात सोलापूर सोडणे हा वरवर वेडेपणा आहे, हे आम्हीही जाणतो. आमच्या गावाची खरी शिक्षा चैत्र-वैशाखात असते. पौषात येथे हुरडा असतो, सिद्धरामेश्वरांचा गड्डा असतो, सात नंदीध्वजांची मिरवणूक असते. ती टाकून कोण जाईल? पण उन्हाळ्यात कोकण घामाने भिजविते आणि पावसाळ्यात तेथला समुद्र म्हाताऱ्यांच्या उपयोगाचा नाही. म्हणून संक्रांत व गड्डा घरी करावा, माघ शुद्ध प्रतिपदेच्या सुमारास निघावे आणि महाशिवरात्र श्रीव्याडेश्वराच्या देवळात करून परतावे, असे ठरून गेले. माघी एकादशीच्या आत पंढरपूर ओलांडले म्हणजे यात्रेची गर्दीही चुकते. पंढरपुराहून विटा, कऱ्हाड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि गुहागर. साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपासची ही वाट आम्ही एका दिवसात उरकीत नाही, कऱ्हाडास मुक्काम करतो. कोयनानगरास वकीलसाहेब न चुकता ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची कथा सांगतात, आणि आम्ही ती न चुकता प्रथमच ऐकल्यासारखी ऐकतो.

गृहरथ आम्हांस परवडणारा नव्हे, आणि परवडला तरी साठी उलटल्यावर कुंभार्लीच्या वळणांवर घर हाकीत नेण्याची हिंमत आमच्यात नाही. आम्ही चार खोल्यांचे घर भाड्याने घेतो. गुहागर हे एका लांब रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेले गाव आहे. पुढे रस्ता, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूची झाडे आणि लगेच वाळू. पुळण सहा किलोमीटर तरी सलग आहे. घर घेताना आम्ही दोन गोष्टी पाहतो. रात्री उठावे लागते तेव्हा शौचकूप किती पावलांवर आहे, आणि डॉक्टर किती अंतरावर. गावात सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. मोठे दुखणे निघाल्यास चिपळूणजवळच्या डेरवणास वालावलकर रुग्णालय आहे. ही चौकशी आधी केलेली असली म्हणजे मुलांची अर्धी हरकत मावळते.

उरली चूल. पहिल्या वर्षी निघण्यापूर्वी आमच्या कुटुंबाने स्पष्ट सांगितले की, “घरी दोघांचा स्वयंपाक आहे, तेथे आठांचा करावयाचा असेल तर मी घरीच बरी.” हे बोल आम्ही शेष तिघांपुढे जसेच्या तसे मांडले. त्यावर ठराव झाला: बिऱ्हाडी चहाखेरीज काही शिजवावयाचे नाही, दोन्ही वेळांचे जेवण गावातील घरगुती खानावळीतून आणावयाचे, आणि चहा पुरुषांनी करावयाचा. पोस्टमास्तरांचा चहा प्रथम पिववत नसे. आता पिववतो. मेक्सिकोच्या त्या किनाऱ्यावर चाके असलेल्या घरात शेगडीपाशी कोण उभे राहते, हे आमच्या विद्यार्थ्याने लिहिले नाही. पुढील पत्रात आम्ही विचारणार आहो.

दिवसाची आखणी समुद्राच्या वेळेवर होते. घाटावरच्या वाचकांसाठी कोकणातला एक जुना हिशेब येथे देतो. पंचांगातील तिथीचा आकडा तिनांनी गुणून चारांनी भागावा. येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास, सकाळी व रात्री, पूर्ण भरती असते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीस सहा वाजता भरती, म्हणजे सकाळसंध्याकाळ फिरावयास कोरडी, पाय रुतणारी वाळू तेवढी मिळते. पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे पहाटे व सायंकाळी ओली, घट्ट, गुडघ्यांना सुखाची वाट. पाण्यात मात्र घोट्यांपलीकडे जाऊ नये, ओहोटीत तर मुळीच नाही. येथला समुद्र दिसतो तितका सौम्य नाही.

या दिवसांत किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे असतात, तेही उत्तरेकडून आलेले. रात्री ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे वाळूत अंडी घालून जातात. वनखात्याची माणसे ती अंडी कुंपणाच्या आत पुरून ठेवतात, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले निघाली की पाण्याकडे सोडतात. २०२३ साली येथील दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रे बसविली होती. त्यांतील ‘बागेश्री’ नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. हे ऐकल्यापासून आमच्या बिऱ्हाडातील स्त्रियांना त्या बागेश्रीचा मोठा अभिमान आहे.

तिथी-भरतीचा हिशेब आम्ही सर्वांनी शिकून घेतला, परंतु तो तोंडी करीत असत हिशेबनिसांच्या पत्नी. त्यांचे उपासतापास पुष्कळ, त्यामुळे तिथी जिभेवर. सकाळी चहा होताच कोणीतरी विचारावे, “वहिनी, आज भरती किती वाजता?” आणि त्यांनी केळी सोलता सोलता उत्तर द्यावे, हा नेमच होता. गेल्या आश्विनात हिशेबनीस वारले. हृदयविकाराचा झटका, घरीच, पहाटे.

मार्गशीर्षात भाड्याची रक्कम पाठवावयाची वेळ आली तेव्हा प्रश्न निघाला, यंदा खोल्या किती? एक मत असे पडले की तीन घ्याव्यात. जोडप्यांच्या मेळ्यात एकट्या बाईस अवघडल्यासारखे होईल, जागोजागी आठवणी निघतील, आणि वर्ष व्हावयाचे आहे तोवर लोक नावे ठेवतील. बोलणाऱ्यांच्या मनात दयाच होती, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ही दया आम्हांस पटली नाही. समुद्र हिशेबनिसांच्या नावावर नव्हता, की त्यांच्या पश्चात बाईंचा हक्क संपावा. आठवणी सोलापुरातील त्या घरात कमी आहेत काय? आणि बाई येथे येत ती हिशेबनिसांची सोबत म्हणून, हे तरी कोणी ठरविले? सात वर्षे आम्ही पाण्याची वेळ त्यांना विचारीत आलो आहो. चारच खोल्यांचे पैसे पाठवावेत, खोली रिकामी राहिली तर भाडे तिघांनी वाटून घ्यावे, आणि येण्या न येण्याचा निर्णय ज्यांचा त्यांना करू द्यावा, असे आम्ही सुचविले. वकीलसाहेबांनी थोडी कुरकुर करून मान्य केले. कुरकूर पैशांची नव्हती. त्यांना डोळ्यांत पाणी आलेले लपवावयाचे होते.

निरोप घेऊन आमचे कुटुंब वहिनींकडे गेले. आम्ही मुद्दाम गेलो नाही, कारण गुरुजी समोर बसले की माणसे नको असताना हो म्हणतात. दोघींचे काय बोलणे झाले ते आम्हांस पूर्ण कळलेले नाही. चार दिवसांनी वहिनींचा मुलगा त्यांच्या वाटणीची रक्कम घेऊन आला. आईला कऱ्हाडपर्यंत स्वतः सोडतो म्हणाला. वहिनींनी त्याच्यापाशी एक चिठ्ठी दिली होती. तीत इतकेच होते की खोली नेहमीचीच, पश्चिमेकडची, ठेवावी, आणि तीतली दुसरी खाट काढू नये. बार्शीची धाकटी बहीण बरोबर येत आहे, तिने अजून समुद्र पाहिलेला नाही.