नकाशावरची पाटी कोणाच्या हातात?

दुकानावरच्या पाटीने महाराष्ट्राला गेल्या काही वर्षांत जेवढे बोलायला लावले, तेवढे दुकानातल्या मालानेही लावले नसेल. २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा झाला; २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली; मराठी अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, इथपर्यंत बारकाईने लिहिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिथून दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. या साऱ्या वादात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मात्र मान्य होती. पाटी दुकानदाराची. ती कोणत्या लिपीत असावी यावर भांडण होईल, पण लावणार तोच. रात्रीतून कोणी शिडी लावून तिच्यावर 'हे दुकान कायमचे बंद झाले आहे' असे रंगवून गेला, तर सकाळी कुलूप उघडताना ते त्याला दिसेल आणि दुपारच्या आत पुसले जाईल.

आज त्याच दुकानाला दुसरीही एक पाटी आहे. ती मोबाइलमधल्या नकाशावर असते. बाहेरगावाहून आलेला पाहुणा, नव्याने राहायला आलेले कुटुंब, रात्री अकरा वाजता औषध शोधणारा मुलगा, हे सगळे आता आधी ती पाटी वाचतात आणि मग घराबाहेर पडतात. दुकानाचे नाव, जागा, फोन, उघडण्याची वेळ, साप्ताहिक सुट्टी सारे तिच्यावर असते. ही पाटी कोण लिहितो?

उत्तर सोपे आहे आणि थोडे अस्वस्थ करणारेही. जवळजवळ कोणीही. गूगल मॅप्सवर कुठल्याही दुकानाच्या नावावर बोट ठेवा. खाली बदल सुचवण्याची सोय दिसेल. गूगलचे खाते असले की पुरे. फोन नंबर चुकीचा आहे, वेळ बदलली आहे, दुकान पलीकडच्या गल्लीत आहे, दुकान बंदच झाले आहे, यांपैकी काहीही सुचवता येते. सूचना मानायची की नाही हे कंपनी ठरवते. बहुतेक वेळा आधी यंत्र ठरवते, कधी माणूस. सुचवणाऱ्याच्या आधीच्या सूचना कितपत बरोबर निघाल्या हेही त्यात जमेस धरले जाते. मालकाने आपण मालक आहोत असे कंपनीकडे सिद्ध केले असेल तर त्याच्या शब्दाला वजन येते. पण शेवटचा शब्द त्याचाही नाही. त्याने भरलेली माहितीसुद्धा इतरांच्या सूचनेवरून बदलली जाऊ शकते. त्याला मागाहून कळवले जाते, एवढेच.

हे असे का झाले याचा इतिहास थोडाफार आपल्याच देशात घडला आहे. अमेरिकेत संगणकासाठी तयार नकाशे विकत मिळत होते. आपल्याकडे पत्ता म्हणजे 'मारुतीच्या देवळामागे, वडाजवळ'. तेव्हा गूगलच्या बंगळुरूच्या अभियंत्यांनी 'मॅप मेकर' तयार केले. ज्याला आपला गाव ठाऊक आहे त्यानेच तो नकाशावर काढावा, अशी ही २००८ मधील कल्पना. लोकांनी हौसेने रस्ते काढले, शाळा मांडल्या, दवाखाने टाकले. २०१३ मध्ये कंपनीने भारतात 'मॅपेथॉन' नावाची स्पर्धाच लावली, तेव्हा १७६७ पासून देशाची मोजणी करणारे भारतीय सर्वेक्षण खाते खडबडून जागे झाले. पोलिसांत तक्रार झाली आणि पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने प्राथमिक चौकशी सुरू केली. त्यांची चिंता लष्करी ठिकाणांची होती. किराणा दुकानाची चिंता कोणाच्याच यादीत नव्हती.

२०१५ च्या एप्रिलमध्ये रावळपिंडीजवळ कोणी खोडसाळाने नकाशावर अँड्रॉइडचा यंत्रमानव अॅपलच्या बोधचिन्हावर लघुशंका करीत आहे असे चित्र काढले. जगभर हसे झाले. कंपनीने मे महिन्यात सर्व दुरुस्त्या थांबवल्या, मग हळूहळू पुन्हा उघडल्या आणि मार्च २०१७ मध्ये मॅप मेकर बंद केले. दुरुस्तीची सोय मात्र गेली नाही. ती मूळ नकाशातच आली आणि खाते असलेल्या प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसली. शिवाय २०१५ पासून 'लोकल गाइड' म्हणून माहिती पुरवणाऱ्यांना गुण मिळतात, दहा पायऱ्या चढता येतात. फुकट काम करून घेण्याची ही शाळेतली युक्ती मोठ्या माणसांवरही चालते, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

याचा तोटा कोणाला होतो? अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ ग्रेट फॉल्स येथे 'सर्बियन क्राउन' नावाचे जुने रेस्टॉरंट होते. सहज जाताजाता दिसावे अशा जागी ते नव्हते. मुद्दाम ठरवून लोक जात. २०१२ मध्ये शनिवार-रविवारचे गिऱ्हाईक अचानक आटले. मालकाच्या म्हणण्यानुसार चारातले तीन ग्राहक गेले. त्याला कारण उमगेना, कारण तो इंटरनेट वापरतच नव्हता. एका नेहमीच्या ग्राहकाने फोन करून विचारले, 'तुम्ही शनिवार, रविवार आणि सोमवारी बंद का ठेवता?' तेव्हा उलगडा झाला. नकाशावर तसे लिहिले होते. एप्रिल २०१३ मध्ये रेस्टॉरंट बंद पडले आणि मालकाने गूगलवर दावा लावला. कंपनीने आरोप फेटाळले. धंदा बुडण्यामागे तेवढे एकच कारण होते, असे मीही म्हणणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या माणसाचे नुकसान होत होते, त्याला नुकसानीची जागाच दिसत नव्हती.

आमच्या भागात एक काकू पोळीभाजी केंद्र चालवतात. मध्यंतरी महिनाभर नवे गिऱ्हाईक फिरकले नाही. जुनी माणसे येत होती, म्हणून त्यांना वाटले परीक्षा संपल्या, मुले गावी गेली असतील. एके दिवशी भाचीने मोबाइल काढून दाखवले: एका नकाशावर केंद्र 'कायमचे बंद' होते. तिने सूचना पाठवली, काही दिवसांत दुरुस्ती झाली. 'पण लिहिले कोणी?' हा काकूंचा प्रश्न तसाच राहिला. शेजारचा स्पर्धक असेल, एखादा रिकामटेकडा असेल, किंवा दुपारी तीन वाजता बंद दार पाहून गेलेला कोणी अगदी प्रामाणिक माणूसही असेल. हे कळण्याचा मार्गच नाही.

नुकसान फक्त दुकानदाराचे होते असेही नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे बँक ऑफ इंडियाकडून तक्रारी आल्या. भामट्यांनी नकाशावर बँकेच्या शाखेपुढचा फोन नंबर बदलून स्वतःचा टाकला होता. ग्राहक बँक समजून फोन करीत आणि कार्डाची गुप्त माहिती आपणहून देत. पूर्वी ठकाला गिऱ्हाईक शोधावे लागे; इथे गिऱ्हाईकच त्याला शोधत आले. त्याच्या चार वर्षे आधी अमेरिकेत ब्रायन सीली नावाच्या जाणकाराने याच सोयीचा उपयोग करून एफबीआय आणि सीक्रेट सर्व्हिस यांच्या कार्यालयांच्या नावाने नकाशावर आपले नंबर चढवले, आलेले फोन खऱ्या कार्यालयाकडे वळवून ध्वनिमुद्रित केले आणि मग स्वतःच जाऊन त्यांना ते सांगितले. एवढा गाजावाजा होऊनही २०१९ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने या नकाशावरील खोट्या व्यवसायांचा अंदाज १ कोटी १० लाख इतका दिला. कुलपे उघडून देणारे, नळ दुरुस्त करणारे अशांच्या नावाने ते अधिक होते. माणूस अडचणीत असताना ज्यांना घाईने फोन करतो असे. खुद्द गूगलच्या सांगण्यानुसार २०२४ या एका वर्षात ७ कोटींहून अधिक संशयास्पद दुरुस्त्या रोखल्या वा काढल्या गेल्या. पहारा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण चोरांची संख्याही त्यातच दिसते.

मग मालकाशिवाय कोणाला हातच लावू देऊ नये? मला हे पटत नाही. ते लाखो खोटे व्यवसाय मांडणारेही स्वतःला मालकच म्हणवत होते. आडगल्लीतले दुकान लक्ष्मी रोडवर दाखवण्याचा मोह कोणाला होणार नाही? आणि ज्याचा धंदा खरोखर बंद पडला, तो नकाशावर जाऊन आपल्या दुकानाचे मरण कशाला नोंदवील? ते काम शेजाऱ्यालाच करावे लागते. सरकारकडे सोपवावे म्हटले, तर सरकारने स्वतःच २०२१ च्या फेब्रुवारीत नकाशांवरची जुनी बंधने सैल केली. इडलीच्या गाडीची वेळ सहाची की सातची, हे ठरवायला कुठले खाते येणार?

माझी तक्रार सर्वांना लिहू देण्याबद्दल नाही. लिहिणारा दिसत नाही, याबद्दल आहे. २००४ मध्ये सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' हा नकाशा याहून कितीतरी मोकळा आहे. तिथे कोणीही थेट बदल करू शकतो. पण प्रत्येक बदलामागे खात्याचे नाव, तारीख आणि आधीची नोंद राहते आणि ती सर्वांना पाहता येते. २०१८ मध्ये कोणी तिथे न्यूयॉर्कच्या जागी द्वेषाने भरलेला शब्द लिहिला. मूळ नकाशावर तो लवकरच पुसला गेला. ज्यांनी दरम्यान त्या नकाशाची नक्कल उतरवून घेतली होती, त्यांच्याकडून मात्र काही दिवसांनी तो लोकांच्या मोबाइलवर झळकला.

आपल्याला हे तत्त्व नवे नाही. सातबारावर नाव बदलायचे तर फेरफार नोंद होते. तलाठी चावडीवर तिची प्रत लावतो, ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो आणि मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या व्यवस्थेत काय काय चालते हे ज्याची गावी जमीन आहे त्याला मी सांगायला नको. तरीही कागदावर का होईना, 'तुझ्या नावापुढे काही लिहिले जात आहे, तुझे म्हणणे काय?' असे विचारले जाते. नकाशावर हे विचारणे अवघड आहे का? दुकानाचा फोन नंबर त्या नोंदीतच असतो. दुकान बंद दाखवायचे, जागा हलवायची किंवा नंबर बदलायचा, या तीन गोष्टींपूर्वी आधीच्या नंबरवर एक संदेश जावा आणि दोन-चार दिवस वाट पाहिली जावी. नंबर बदलत असेल तर जुन्या नंबरवर कळवणे विशेष गरजेचे, कारण बँकेच्या प्रकरणात फसवणुकीची सुरुवात तिथूनच झाली. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावले आहे. चोवीस तासांत पोच आणि ठरावीक मुदतीत निर्णय असा नियम आहे. पण ज्याला आपल्या दुकानाविषयी काही लिहिले गेले हेच ठाऊक नाही, तो तक्रार कसली करणार?

तोवर घरातल्या तरुण मंडळींनी एक काम करावे. वडिलांचे दुकान, आत्याची शिकवणी, शेजारच्या काकांची गिरणी नकाशावर शोधून पाहावी. मालकीचा दावा कोणी केलेला नसेल तर मालकाच्या नावाने करून द्यावा. पैसे पडत नाहीत. पडताळणीसाठी आता बहुधा दुकानाची पाटी, रस्ता आणि आतली जागा दाखवणारे चित्रीकरण मागतात. घरून मसाले-पापड विकणाऱ्या भगिनींनी घरचा पत्ता लोकांपासून लपवण्याची सोय जरूर वापरावी. आणि बँकेला फोन करायचा झाला तर नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागच्या बाजूने घ्यावा, नकाशावरून नको. कोणी फसलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.