परसबाग : थंडीच्या भाज्यांचे बी केव्हा टाकावे?

दसरा जवळ आला की आमच्याकडे दरवर्षी एकच पृच्छा येते : फ्लॉवर, वाटाणा, गाजर, कांदा यांचे बी आता टाकावे काय? ग्वाल्हेर-इंदूरकडील आपल्या पुष्कळ घरांत दसरा हीच पेरणीची खूण मानण्याची चाल आहे. चाल गोड खरी, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने दसरा २४ ऑक्टोबरला पडला. २०२५ साली तो २ ऑक्टोबरलाच होऊन गेला. बावीस दिवसांचे हे अंतर कोवळ्या रोपाला सोसत नाही. घटाभोवती पेरलेल्या धान्याची गोष्ट वेगळी. ते नऊ दिवसांपुरतेच असते.

थंडी सूर्यामागून येते, तिथीमागून नव्हे. म्हणून पंचांग पाहावयाचेच तर त्यातील सूर्यनक्षत्रे पाहावीत. हस्त सुमारे २७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरला आणि स्वाती २४ ऑक्टोबरला लागते. यांत फरक पडला तर एखाद्या दिवसाचा.

फ्लॉवरमध्ये तारखेइतकीच जात महत्त्वाची. ‘पुसा कातकी’ ही हळवी जात मे-जूनमध्ये पेरण्याची. तिचे बी ऑक्टोबरात टाकले तर लहानग्या रोपावरच बटणाएवढा गड्डा धरतो. उलट ‘स्नोबॉल’ला गड्डा धरण्यास १० ते १६ अंशांचा गारवा हवा, तिचे बी चित्रात गादीवाफ्यावर टाकावे. पुडी घेताना जात अवश्य विचारावी, दुकानदार कंटाळला तरी चालेल.

वाटाणा तापल्या मातीत कुजतो, आणि फार उशीर केला तर ऐन शेंगांत भुरी पडते. चित्रा सरता सरता तो पेरावा. गाजरही त्याच सुमारास. मात्र माळव्याच्या काळ्या जमिनीत वाफसा आल्यावाचून हात घालू नये.

खरी कसोटी कांद्याची. साठवणीच्या कांद्याचे बी स्वातीच्या आधी टाकूच नये. रोप सहा ते आठ आठवड्यांचे झाले, म्हणजे डिसेंबरअखेरीस, लावणी करावी. घाईने वाढवलेले जाडजूड रोप कडक थंडीत सापडले की कांदा पोसण्याऐवजी डेंगळे वर येतात. असा कांदा टिकत नाही. पावसाळ्यापर्यंत पुरवावयाचा जिन्नस चैत्रातच संपवावा लागतो आणि पुढे बाजाराचे भाव सोसावे लागतात. कोणी आधीच बी टाकले असेल, तर ती रोपे पातीसाठी वापरावीत आणि स्वातीत थोडे बी पुन्हा टाकावे.