पहिला नंबर वाया जात नाही

परवा रविवारी सकाळी सांगलीहून बहिणीचा फोन. "ताई, याची लिस्ट तयार झालीये. सरांनीच लावून दिलीये. तू फक्त एकदा नजर टाक."

लिस्ट म्हणजे भाच्याची रेसिडेन्सीची रँक लिस्ट. एम.बी.बी.एस. झालेला, स्टेप १ आणि स्टेप २ पार केलेला, तीन महिने आमच्या बेसमेंटमध्ये राहून ऑब्झर्वरशिप केलेला हा मुलगा. यंदा त्याला इंटर्नल मेडिसिनचे सहा इंटरव्ह्यू आले. सहा! सांगलीत पेढे वाटून झाले (मॅच अजून व्हायची आहे हे सांगायचं धैर्य कोणाला झालं नाही). मी लिस्ट उघडली आणि हातातला चहा गार झाला.

ज्या युनिव्हर्सिटी प्रोग्रॅमचा इंटरव्ह्यू संपल्यावर त्याने मला फोन करून तासभर बडबड केली होती, तो पाचव्या नंबरवर. आणि पहिल्या नंबरवर असं हॉस्पिटल, ज्याबद्दल तो फक्त "ठीक होतं गं मावशी" एवढंच म्हणाला होता.

का? तर सर म्हणाले, युनिव्हर्सिटीवाले आयएमजीला (म्हणजे बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरला) कुठे घेतात? पहिला नंबर वाया जाईल. ज्यांनी इंटरव्ह्यूनंतर गोड ईमेल पाठवली त्यांना वर ठेव. सेफ खेळ. याला म्हणतात स्ट्रॅटेजी.

याला मी काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण का म्हणते, ते लिहिते.

ज्या नातेवाईकांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या जागा मुख्यतः 'मॅच'मधून भरतात. १९५२ पासून ही पद्धत आहे. सप्टेंबरात अर्ज, मग थंडीत इंटरव्ह्यू. त्यानंतर उमेदवार आपल्या पसंतीने प्रोग्रॅमची यादी लावतो आणि प्रोग्रॅम आपल्या पसंतीने उमेदवारांची. दोन्ही याद्या कॉम्प्युटरमध्ये जातात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी कळतं मॅच झालं की नाही, आणि कुठे झालं ते शुक्रवारी. मॅच झालं की ते बंधनकारक.

आता कॉम्प्युटर काय करतो? समजा भाच्याच्या मनात पहिला क, दुसरा ख. कॉम्प्युटर आधी त्याला क च्या दारात नेतो. क च्या यादीत तो नसेल, किंवा सगळ्या जागांवर त्यांना जास्त पसंत असलेली मुलं बसलेली असतील, तर नकार. मग तो ख कडे जातो. इथे नीट लक्ष द्या. ख असं म्हणत नाही, की तू आधी क कडे गेलास, तेवढ्यात आमच्या जागा भरल्या. ख मधले सगळे अजून तात्पुरते बसलेले असतात. आपला मुलगा उशिरा आला, पण ख च्या यादीत तो वर असेल, तर खालच्या नंबरच्या मुलाला उठावं लागतं. तो मुलगा आपल्या पुढच्या पसंतीकडे जातो. उठणं-बसणं पूर्ण थांबलं की मगच सगळं पक्कं होतं.

आपल्याला सवय एसटीची. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली. उगाच पुढच्या गाडीच्या नादाला लागलो तर ही पण जाईल! मॅचमध्ये रुमाल चालत नाही. क ने हाकललं म्हणून ख कडे तुमची पत तसूभरही कमी होत नाही. आणि ख ला पहिला नंबर दिलात म्हणून तसूभर वाढतही नाही.

हे माझं मत नाही, हे गणित आहे. याचं मूळ गेल आणि शॅपली या दोघांच्या १९६२ च्या निबंधात आहे. (गंमत म्हणजे त्या निबंधाच्या नावातच लग्न आहे. स्थळं जुळवण्याचाच प्रश्न तो!) आजची पद्धत अल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी बसवली आणि ती १९९८ च्या मॅचपासून वापरात आहे. रॉथ आणि शॅपली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या पद्धतीत खऱ्या पसंतीपेक्षा वेगळा क्रम लावून उमेदवाराचा फायदा होऊच शकत नाही. झालं तर नुकसानच.

मग हा सल्ला मरत का नाही? माझ्या मते तीन कारणं.

एक, आपण ॲडमिशनचे फॉर्म भरत मोठे झालो. "झेपेल तेच कॉलेज वर लिही" हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे कोणी अकरावीत गेलेलं नाही.

दोन, जुन्या लोकांच्या डोक्यात जुनी पद्धत आहे. १९९८ पूर्वी कॉम्प्युटर हॉस्पिटलच्या बाजूने सुरुवात करायचा. तेव्हा तत्त्वतः उमेदवाराला लबाडीला जागा होती. पण ती किती? रॉथ आणि पेरॅन्सन यांनी जुन्या याद्या तपासल्या तेव्हा दोन पद्धतींच्या निकालात फरक निघाला हजारात जेमतेम एका उमेदवाराचा. एवढ्याशा फटीतून आजही लोक हत्ती नेतायत.

तिसरं कारण पैसा. "तुला जे आवडलं ते वर लिही" या सल्ल्याची फी कोणी देईल का? म्हणून तो गुंतागुंतीचा करावा लागतो. आणि सर कधी खोटे ठरत नाहीत! सेफ लिस्ट लावून मॅच झालं की श्रेय सरांचं. पण त्या मुलाचं खऱ्या पसंतीच्या लिस्टनेही मॅच झालंच असतं, कदाचित जास्त चांगल्या जागी. ते कोणाला दिसत नाही, कारण जे घडलं नाही त्याचा फोटो नसतो.

मला तो फोटो माहीत आहे. २००६ ची गोष्ट. नवीन लग्न झालेलं, नवरा शिकागोत नोकरीला. शिकागोजवळचा एक प्रोग्रॅम मला मनापासून आवडला होता. पण फेब्रुवारीत पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधून फोन आला. जुलैत तू इथे दिसलीस तर आम्हाला फार आनंद होईल, असं काहीसं ते म्हणाले. आम्ही चार मैत्रिणी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. चौघींचं एकमत, फोन आला म्हणजे पक्कं. मी त्यांना पहिला नंबर दिला, शिकागोला दुसरा. पेनसिल्व्हेनियातच मॅच झालं. मिरजेला बाबांनी पेढे वाटले. मग तीन वर्षं नवरा शुक्रवारी रात्री निघायचा, इंडियाना आणि ओहायो ओलांडून आठ तास गाडी चालवत यायचा आणि रविवारी दुपारी परत. मी तेव्हा बहुतेक कॉलवर असायचे. तो सोफ्यावर झोपून परत गेला, असे कितीतरी वीकेंड. पुढे कळलं, त्या वर्षी तसे फोन बऱ्याच जणांना गेले होते.

शिकागोने मला घेतलं असतं का? कदाचित नसतंच घेतलं, आणि मग मी पेनसिल्व्हेनियातच गेले असते. काहीच बिघडलं नसतं. पण मी विचारलंच नाही. गेली वीस वर्षं मला टोचतं ते हे.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसते. फेब्रुवारीत आमच्या प्रोग्रॅमची रँकिंग मीटिंग होते, तिथे मी असते. म्हणून खात्रीने सांगते, उमेदवाराने आम्हाला कितवा नंबर दिला हे आम्हाला दिसत नाही. तो विचारणंसुद्धा मॅचच्या नियमांत बसत नाही. आमच्या यादीत जागांच्या कित्येक पट नावं असतात. गोड ईमेल पाठवायला पैसे पडत नाहीत, आणि ती पाळायचं बंधन कोणावर नसतं.

आता काही जण म्हणतील, म्हणजे स्ट्रॅटेजी काहीच नसते का? असते. भरपूर असते. पण ती सगळी इंटरव्ह्यूच्या अलीकडे. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आयएमजींपैकी साधारण ५८ टक्क्यांना जागा मिळाली. अमेरिकेतल्या एम.डी. कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांमध्ये हेच प्रमाण ९३ टक्क्यांच्या वर. हा फरक रँक लिस्टच्या क्रमाने पडत नाही. स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास झाली, त्यामुळे स्टेप २ च्या मार्कांवर भार आला. मग पास होऊन किती वर्षं झाली, इथल्या डॉक्टरांची पत्रं, कोणती शाखा निवडली, आणि व्हिसा.

व्हिसाचं तर आधी विचारा! जे-१ वर आलात तर नंतर दोन वर्षं मायदेशी, नाहीतर वेव्हर घेऊन सहसा तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात नोकरी. एच-१बी वर रेसिडेन्सी करायची तर स्टेप ३ आधी हवी. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. कोणता प्रोग्रॅम कोणता व्हिसा देतो, हे अर्ज करण्याआधी एकेकाला विचारून कागदावर लिहिणं, ही स्ट्रॅटेजी. कंटाळवाणी आहे, म्हणून कोणी शिकवत नाही.

त्याऐवजी शिकवतात काय, तर "दीडशे ठिकाणी टाक". २०२५ च्या सीझनला एका शाखेत पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला ३० डॉलर पडत होते. दीडशे अर्जांचे ३,९३० डॉलर, म्हणजे तीन लाख रुपयांच्या वर. त्यातल्या निम्म्या प्रोग्रॅमना तुमचा व्हिसाच चालत नसेल, तर ही दक्षिणा कशाची?

लिस्टबद्दल मला मान्य असलेले नियम दोनच. जिथे जायला तयार आहात ते सगळे लिहा, लांब यादीने नुकसान होत नाही. आणि जिथे मेलात तरी जाणार नाही ते लिहू नका, कारण लागलं तर जावं लागेल. नवरा-बायको जोडीने मॅचमध्ये उतरले तर गणित थोडं गुंततं, पण तिथेही क्रम खराच लावावा. बस.

मला राग सरांचा कमी आणि आपला जास्त येतो. सहा-सात वर्षं घासून अभ्यास केलेल्या मुलाला अखेर एकदा कोणीतरी विचारतंय, तुला कुठे जायचंय? आणि आपण त्याला शिकवतो, तुला काय हवंय ते नको सांगू, त्यांना काय हवं असेल त्याचा अंदाज लाव. यात तो जिंकला तरी काय जिंकला?

अजून एक. शंभरातल्या बेचाळीस जणांचं त्या सोमवारी मॅच होत नाही. ती सगळी हुशार मुलं आहेत. उरलेल्या जागांसाठी 'सोप' नावाची चार दिवसांची धावपळ असते, आणि पुढचं वर्षही असतं. तेव्हा त्या सोमवारी कृपा करून सांगली, पुणे, बदलापूर कुठूनही फोन करू नका. तोच करेल.

असो. काल रात्री भाच्याशी दोन तास बोलले. क, ख, ग कागदावर मांडून त्याच्याकडूनच सोडवून घेतलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मावशी, सरांनी इतक्या मुलांचं केलंय." म्हटलं, लिस्ट तुझी आहे, तूच सर्टिफाय करणार आहेस, मी काही बदलायला सांगत नाही. फक्त एकदा डोळे मिटून सांग, जुलैत कुठल्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावताना स्वतःला बघतोयस?

आज सकाळी उठले तर त्याचा मेसेज. "बदलली. आईला तू सांग."

बहिणाबाई, सांगितलं. आता रागवायचं तर माझ्यावर रागव.