मुलींचा फूटबॉल आणि गालांतली पुडी

गोंदिया जिल्ह्यांत, सालेकसा तालुक्यांतील दरेकशाजवळ कचारगड आहे. माघी पौर्णिमेस तेथील गुहेच्या दर्शनासाठीं गोंड बांधव दूरदूरच्या प्रांतांतून येतात. त्यांची कथा अशी कीं, कली कंकालीचीं तेहतीस मुलें फार द्वाड. म्हणून त्यांस या गुहेंत कोंडून तोंडाशीं शिळा लाविली. पुढें हिरासुका पाटालीराच्या वाद्यनादानें त्यांच्या अंगीं बळ संचारलें, शिळा हालली, आणि पारी कुपार लिंगोनें त्याच मुलांस आपले शिष्य केलें.

फूटबॉल खेळणाऱ्या मुलींविषयीं घरोघर चालणारी कुजबूज ऐकली म्हणजे ही शिळा आठवते. खेळानें मुलगी दांडगट होते, व्यसनी होते, सबब तिला घरींच ठेवावी! इंग्लंडांत हा न्याय अंमलांतहि आला. १९२० च्या डिसेंबरांत लिव्हरपूल येथें स्त्रियांचा सामना पाहण्यास सुमारें ५३ हजार लोक लोटले. पुढच्याच डिसेंबरांत फूटबॉल असोसिएशननें आपल्या क्लबांचीं मैदानें त्यांस बंद केलीं. तीं जवळजवळ पन्नास वर्षें बंदच होतीं.

धक्काबुक्कीचें भय मला फारसें वाटत नाहीं. त्वेषानें चेंडूवर तुटून पडावें आणि शिटी वाजतांच थांबावें, हें शिक्षण मुलींस दुसरीकडे कोठें मिळतें? व्यसनाची भीति मात्र अगदींच पोकळ नव्हे. २०२४ सालीं इंग्लंडांतील धंदेवाईक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत स्त्रियांपैकीं शेंकडा २२ जणी ओठाखालीं तंबाखूची अथवा निकोटिनची पुडी धरणाऱ्या निघाल्या. पुरुषांत हेंच प्रमाण शेंकडा १८. पाहणींतील स्त्रिया अवघ्या ५१ होत्या, तेव्हां आंकड्याचा बाऊ नको. पण मन निवावें, ताण उतरावा, हें त्यांनीं दिलेलें कारण ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आपल्याकडे ही पुडी कोपऱ्यावरच्या टपरींत मिळते. प्लॅस्टिकच्या तुकड्यांत चोळलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा विदर्भांत पोरासोरांच्या व बायकांच्याहि गालांत असतो, आणि त्यांतल्या कित्येकींनीं फूटबॉल पाहिलेलाहि नसतो. उलट नागपुरास विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनीं २००१ सालीं झोपडपट्टींतील मुलांस गोळा केलें, तें वाईट नादांतून सोडविण्यासाठीं, आणि याच खेळाच्या जोरावर. पुढें त्यांच्या ‘स्लम सॉकर’मध्यें मुलीहि आल्या.

मुलीस मैदानावर धाडतांना आईनें एवढें अवश्य पाहावें: शिकविणाऱ्याच्या स्वतःच्या गालांत खर्रा आहे काय, आणि सामना हरल्या दिवशीं संध्याकाळीं मुलींजवळ बसणारें कोणी वडील माणूस तेथें असतें काय.