बोलपटांतील विज्ञान आणि घरांतील मूल

ज्या बोईसरच्या शेजारीं तारापूर येथें १९६९ सालीं देशांतील पहिलें अणुवीज केंद्र सुरू झालें, तेथील घरांतून विज्ञानकथेच्या बोलपटांविषयीं वाद रंगावा यांत नवल नाहीं. ‘कोई मिल गया’ (२००३), ‘क्रिश’ (२००६) व ‘क्रिश ३’ (२०१३) या राकेश रोशन यांच्या चित्रपटमालेचीच गोष्ट घ्या. तरुण मंडळी म्हणतात, परग्रहवासी व अतिमानव यांची कथा आजी-नातवाच्या मायेंत गुंफली, हें थोडें नव्हे. वडील मंडळींचा आक्षेप असा कीं, यांत विज्ञान नांवालाच. परग्रहावरील पाहुण्याचें ‘जादू’ हें नांवच तें कबूल करतें.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे; परंतु आमच्या मतें खरा दोष निराळाच. मंदबुद्धि रोहितवर आई व बालमित्र आधींपासून माया करतात, हा कथेचा मोठा गुण. पण जगाचा मान त्यास मिळतो तो अलौकिक शक्ति लाभल्यानंतर! ज्यांच्या घरीं असें मूल आहे, त्यांच्या दारीं कोणतेंही यान उतरावयाचें नाहीं. तेव्हां वाचकहो, हे चित्रपट मुलांसह अवश्य पाहावे. मात्र रोहित बरा झालाच नसता तर आपण त्यास कसें वागविलें असतें, हा प्रश्न रात्रीच्या पंगतींत विचारण्यास चुकूं नये.